पट्टीही कोरडी, अंगणही कोरडं

१

पट्टी कोरडी निघाली.

अप्पा मारकडांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, पुन्हा इंजिनात सारली आणि पुन्हा ओढून डोळ्यांपुढे धरली. टोकाला काळसर ओल होती, बाळाच्या गालावर लावलेल्या तिटेएवढी. ऑइल वरच्या खुणेला टेकायचं, ते तळाला गेलं होतं.

सणसरच्या मळ्यात माघातली सकाळ होती. उसाच्या पाचटावर दव होतं आणि अंगणात पांढरी डिझेल गाडी उभी होती. दसऱ्याला घेतलेली. अजून सीटवरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं, तरी दिवाळीपासून तिच्यात ऑइलच्या डब्यावर डबा रिचत होता. काल बावड्याहून परतताना तर समोरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला होता.

अप्पांच्या कारभारणीनं, लक्ष्मीबाईंनी, पदर खोचला आणि खाली वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं. अंगण त्यांच्या हातचं होतं, एक दिवसाआड सारवलेलं. त्यावर मुंगी चालली तरी कळावं असं. तेलाचा एक थेंब नव्हता. खाली गळालं नाही, मग गेलं कुठं?

थोरला मुलगा बिरदेव ओट्यावरून बघत होता. तो म्हणाला, "अप्पा, ऑइलला पाय फुटत न्हाईत. हात फुटत्यात. आन् बॉनेटला हात एकाचाच लागतो."

तो हात त्या वेळी गाडीची काच पुसत होता. संघपाल ड्रायव्हर. त्यानं फडकं घडी करून टायरवर ठेवलं, खिशातली चावी काढून ओट्याच्या कडेला ठेवली आणि फाटकाबाहेर पडला. अप्पांनी हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण तोवर फाटक बंद झालं होतं.

दुपारी चहाच्या टपरीवर बिरदेव मोठ्या आवाजात संघपालला चोर म्हणाला. संघपालचं गाव अंथुर्णे. तिथं एसटीच्या आधी तो शब्द पोचला. त्याची आई धोंडाबाई गिरणीवर दळण घेऊन उभी होती. पुढच्या बाईनं तिच्याकडं वळून पाहिलं आणि पाहिल्यासरशी मान फिरवली.

२

इंदापुरात डॉ. ज्योत्स्नाचा लहान मुलांचा दवाखाना होता. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर त्या घरात पहिली नवी वस्तू आली ती पाटी. ती पाटी चालत चालत नातीपर्यंत आली होती. संघपाल तिचा चुलतभाऊ. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला, तेव्हा रडक्या पोरांच्या आयांमध्ये, बाकाच्या टोकाला गप बसून राहिला. त्याच्या हातात मूल नव्हतं, म्हणून सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या.

गर्दी सरल्यावर तिनं त्याला आत घेतलं आणि सगळं सांगू दिलं. मध्ये अडवलं नाही. संपल्यावर एकच विचारलं.

"संघा, घेतलंस का?"

"न्हाय, ताई."

"बरं."

त्यानं टेबलावरचं खेळण्यातलं बदक सरळ केलं. मग म्हणाला, "ड्रायव्हरकडं काय असतंय? दुसऱ्याची चावी. ती कुनी इस्वासानं हातात दिली तर त्यो ड्रायव्हर. आता बारामतीपास्नं इंदापूरपातुर मला कोन देनार?" आणि जरा थांबून, "अजून एक हाय. ते माझ्याच उलट जातंय, पन तुला सांगतो. पुसात आई आजारी व्हती, तवा मी रजेवर हुतो. तवा अप्पांचा भाचा सूरज गाडी घेऊन फलटनला लग्नाला गेला. आला तवा अप्पांनी सोता पट्टी बघितली. ऑइल हाय तितंच. बिरदेवराव हेच सांगत फिरत्यात. ह्यो नव्हता, तर ऑइल गेलं न्हाय."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं.

तिला अशी मुलं ठाऊक होती. घरी असली की खोकतात, आजोळी गेली की खडखडीत बरी होतात. आई म्हणते, आजोळचं पाणी चांगलं. सासू म्हणते, सुनेची नजर वाईट. आणि कारण निघतं भलतंच. घरात चुलीशेजारीच पाळणा बांधलेला असतो. मूल तेच, खोकला तोच. बदलतं ते भोवतालचं. म्हणून तिची सवय अशी की, मूल आजारी कधी पडतं यापेक्षा ते बरं कधी असतं, हे आधी विचारायचं.

इथं गाडी एकदाच बरी होती. सूरजच्या हातात.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "मी सणसरला जाते. तू येऊ नकोस."

३

बिरदेवनं खुर्ची दिली, पण बोलणं टोचूनच केलं. "डॉक्टरीणबाई, तुमी भावाची बाजू घेनारच. त्यात तुमचा काय दोष न्हाय."

"त्यानं घेतलं असेल तर मीच तुम्हाला सांगेन," ज्योत्स्ना म्हणाली. "आधी गेलं कुठं ते तरी बघू."

मग तिनं एकेकाला बोलतं केलं, तेही ओपीडीत करते तसं, हळूहळू आणि भलत्याच गोष्टींवरून सुरुवात करून. बिरदेवच्या मळ्यातल्या पंपाचं इंजिन त्याच ऑइलवर चालतं हे तिनं त्याच्याकडूनच काढलं. तो चपापला, मग हसून म्हणाला की पंपाला तो स्वतंत्र डबा आणतो आणि घरच्या गाडीतून उपसायला तो काय येडा हाय का. लक्ष्मीबाईंनी अंगण दाखवलं, आणि गाडीवर टाकायची जाड वाकळही दाखवली. थंडीत रात्री बॉनेटवर पांघरायची. वाकळ घालताना त्या गुणगुणत असत ती ओवीही त्यांनी लाजत म्हणून दाखवली:

दारी उभी राहे गाडी, जशी लेक न्हालेली गं,
सावकाश चाल बाई, वाट न्हाई मळलेली गं.

सूरज बारामतीच्या कॉलेजात शिकत होता. सुट्टीला मामाकडे आलेला. फलटणच्या लग्नाबद्दल विचारल्यावर तो फार नीट बोलला. सावकाश गेलो, सावकाश आलो, मामानं सांगितलं होतं तसंच. मुलं इतकं नीट बोलतात तेव्हा ज्योत्स्ना त्यांचा खिसा तपासते. पण त्या दिवशी तिनं काही तपासलं नाही.

बारामतीहून गेणबा मिस्त्रीला बोलावलं होतं. गाडीचं सगळं काम त्याच्याकडे, म्हणजे ऑइल कमी भरल्याचा संशय त्याच्यावरही येत होता. हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, आज भरतो ते सगळ्यांदेखत भरतो. मग एक उपाय ठरला, आणि तो ज्योत्स्नाचा.

गाडी सपाट अंगणात उभी केली. गेणबानं वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं. पट्टी सर्वांनी पाहिली. इंजिनाच्या तळाशी ऑइल सोडायचा नट असतो, त्यावर आणि त्याच्या भोवती त्यानं लाल रंगाचा एक पट्टा ओढला. नट तसूभर फिरला तरी पट्टा तुटेल. मग बॉनेट लावून त्यातून शेरडाच्या गळ्यातली साखळी घालून कुलूप ठोकलं, आणि किल्ली अप्पांनी कमरेच्या करगोट्याला बांधली. आठवडाभर गाडी बिरदेवनं चालवायची, अप्पा शेजारी बसणार. संघपालनं सणसरात पाऊल ठेवायचं नाही.

"आता बघू," बिरदेव म्हणाला, "कुलपातनं कोन काढतंय."

आठवड्यानंतर सगळे पुन्हा जमले. कुलूप शाबूत. लाल पट्टा अखंड. अंगण कोरडं. अप्पांनी करगोट्याची किल्ली सोडवली, साखळी काढली, पट्टी ओढली.

ऑइल अर्ध्याच्याही खाली गेलं होतं.

४

कुलूपबंद पेटीतून वस्तू नाहीशी व्हावी तसं झालं होतं. लक्ष्मीबाईंनी मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले. सूरज एकदम हसला आणि मामाकडे बघून गप झाला.

ज्योत्स्ना म्हणाली, "चोर नाही, हे तर झालं. जिथून कुणी काढू शकत नाही तिथून कमी झालं, म्हणजे ते आतच जळतंय."

गेणबानं मान हलवली. जळत असणार. सकाळी गाडी चालू केली की मागून निळा धूर येतो का, असं त्यानं विचारलं. येतो, असं लक्ष्मीबाई म्हणाल्या. मग पिस्टनच्या रिंगाच झिजून गेल्या असणार, इंजिन खोलावं लागेल, असं तो म्हणाला. पण नव्या गाडीच्या रिंगा जातीलच कशा, हे त्याचं त्यालाच पटेना.

बिरदेवला मात्र वाट सापडली. "चोरी न्हाय केली, मग गाडी मारली त्यानं. चांगलं ऑइल काढून इकलं आसंल आन् जळकं काळं ओतलं आसंल. त्यानं आतनं इंजिन खाल्लं. ह्ये तर चोरीपरीस वाईट."

टपरीवर आज संध्याकाळी काय जाईल हे ज्योत्स्नाला दिसलं. चोर हा शब्द निदान छोटा होता. आता त्याच्या जागी मोठा शब्द येणार होता आणि तो संघपालच्या आईला गिरणीत पोचणार होता.

"बिरदेवराव," ती म्हणाली, "इंजिन आतून खाल्लेलं असेल तर ते सूरजच्या हातातही ऑइल प्यायला हवं होतं. खराब इंजिन ड्रायव्हर बघून खराब होत नाही. फलटणला जाऊन आलं तेव्हा ऑइल हललं नाही. का?"

का, हे खरं म्हणजे तिलाही अजून माहीत नव्हतं. चोरी धरली तर कुलूप आडवं येत होतं, इंजिन बिघडलं धरलं तर सूरजचा प्रवास. उरलं एवढंच, की त्या प्रवासात गाडी वेगळी चालली होती. आणि सूरज तर सांगत होता, तशीच चालवली.

चहा घेताना लक्ष्मीबाई सहज बोलत होत्या. भाचा गुणाचा, कुठंही गेला तरी मामीला काहीतरी आणतो. त्या लग्नाहून पुठ्ठ्याच्या खोक्यातून फळं आणली होती. कसली ते त्यांना नाव येईना. लाल, तुतीच्या घरातली पण अंगानं मोठी, वर तीळ चिकटवल्यागत, डोक्यावर हिरवी टोपी. आंबट लागली म्हणून त्यांनी साखर घालून खाल्ली.

ज्योत्स्नानं कप खाली ठेवला. ती उठून गोठ्याकडे गेली. तिथं सूरज मोटारसायकलची साखळी बघत असल्यासारखं करत होता.

"सूरज," ती म्हणाली, "पाचगणीला थंडी कशी होती?"

५

सूरजचा चेहरा त्या फळांसारखा झाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. लग्न फलटणलाच होतं, पण अक्षता पडल्या आणि मित्रांनी उचल खाल्ली. आठ जण कोंबले, टपावर स्वयंपाकाची भांडी बांधली आणि वाईवरून पसरणीच्या घाटाला लागले. महाबळेश्वरला राहिले. स्ट्रॉबेरी तिथलीच. मामाला कळलं असतं तर कातडं सोललं असतं, म्हणून बोलला नाही.

"घाटात कशी चालवलीस?"

"दुसऱ्या गियरमधी, पाय दाबून. उचललाच न्हाय." तो घाबरत म्हणाला. "डॉक्टर, आधी मागनं लई निळा धूर आला. पोरं म्हणाली गाडी पेटती का काय. मग वर चढत गेलो तसा धूर कमी झाला. येताना तर गाडी लई मोकळी पळत होती. माझ्यामुळं बिघडली का हो?"

"बहुतेक उलटं झालं," ज्योत्स्ना म्हणाली. पण ते का, हे अजून तिला नीट माहीत नव्हतं. तिला अर्धी गोष्ट मिळाली होती. मूल आजोळी कसं राहतं ते कळलं. आता घरी कसं राहतं ते बघायला हवं होतं, आणि घरचं माणूस ते सांगत नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

सोमवारी तिला बारामतीला जायचं होतं. ती मुद्दाम पहाटेच निघाली आणि सणसरच्या फाट्यावर उतरून मळ्याकडे चालत गेली. उजाडत होतं. उसावर धुकं होतं आणि अंगणावर दुसरंच एक धुकं होतं, निळसर, खाली बसलेलं. त्याला वास होता, करपल्या तेलाचा.

गाडी जागेवर उभी होती आणि इंजिन चालू होतं. आत अप्पा बसले होते. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, डोळे मिटलेले. बॉनेटवर वाकळ तशीच. ते कुठंही जायला निघाले नव्हते. नुसते बसले होते आणि ऐकत होते, गाभण शेळीच्या पोटाला कान लावून ऐकावं तसं.

लक्ष्मीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी कौतुकानं सांगितलं, हे रोजचंच. पहाटे उठायचं, गाडी चालू करायची आणि दिस वर येईस्तोवर तिला ऊब द्यायची, गारठ्यात काकडू नये म्हणून. संध्याकाळी लाइट गेली की पुन्हा चालू करायची आणि बॅटरीवर टीव्ही लावायचा. सगळी आळी येते बघायला. त्यावर अप्पांचं म्हणणं, गाडीला माणसांची सवय लागती.

"आणि रस्त्यावर?"

रस्त्यावर तीसच्या वर काटा न्यायचा नाही. ओझं घालायचं नाही. चढ आला की दोन माणसांनी उतरून चालायचं. कंपनीच्या माणसानं गाडी देताना सांगितलं होतं, सुरुवातीला जपून चालवा. त्यानं पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत म्हटलं होतं. ती केव्हाच झाली. पण जपणं काय संपतं का?

संघपालनं यातलं काही तिला सांगितलं नव्हतं. मालकाची माया ही त्याला तक्रार वाटलीच नव्हती.

ज्योत्स्नानं अप्पांना हाक मारली नाही. ती मागे फिरली आणि बारामतीची पुढची एसटी धरून थेट गेणबाच्या गॅरेजवर गेली.

६

गेणबाला हे सगळं ऐकवलं तसा त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला.

"मला कुनी बोललंच न्हाय हो," तो म्हणाला. "मी म्हनलं, घरची गाडी हाय, जपून चालवत्यात, चांगलंच की."

त्यानं गॅरेजातला एक जुना सिलिंडर आडवा केला आणि तिचं बोट आतल्या भिंतीवरून फिरवलं. गुळगुळीत. मग नवा दाखवला. आत बारीक आडव्या-तिडव्या रेघा होत्या, मांजराच्या जिभेसारख्या खरबरीत. पिस्टनच्या रिंगा या रेघांवर घासून घासून भिंतीशी जुळतात, मग ऑइल वर जात नाही. पण घासायला जोर लागतो. तो जोर ओझ्यातून येतो, चढातून येतो. नुसती उभ्या उभ्या चालवली, कधी दमवलीच नाही, तर रिंगा भिंतीला चिकटतच नाहीत. ऑइल वर चढतं, जळतं, आणि तव्यावर तेल करपून चकचकीत थर बसावा तसा त्या रेघांवर थर धरतं. मग रिंगा त्यावरून नुसत्या घसरतात.

"आणि घाट चढवला तर?"

"थर लई जुना नसंल तर खरवडून निघतो. सूरजनं नकळत औषधाचा एक डोस दिला. आन् अप्पांनी पुन्हा दुसऱ्या दिसापास्नं ऊब द्याया सुरुवात केली."

संध्याकाळी मारकडांच्या ओट्यावर सगळे बसले. संघपाललाही बोलावलं होतं. तो पायरीखाली उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. ज्योत्स्नानं सावकाश, एकेक गाठ सोडवत सांगितलं. कुलूप का खरं, अंगण का खरं, सूरजचा प्रवास का खरा, आणि तिन्ही एकदम खरं धरलं तर ऑइल कुठं जातं. बोलताना ती अप्पांकडे बघत नव्हती.

अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग ते म्हणाले, "म्हंजी म्या जपलं, आन् म्याच तिला खाल्ली व्हय?"



"अप्पा," ज्योत्स्नानं हळूच विचारलं, "तुमच्या आबांची मेंढरं होती ना? वाटेत कोकरू जन्मलं तर काय करायचात?"

"घोंगड्याच्या खोळीत घालायचं. खोळ खांद्याला अडकवायची."

"किती दिवस?"

अप्पांचे डोळे दूर गेले, ऊस नव्हता तेव्हाच्या माळावर. "दोन-चार दिस. मंग खाली सोडायचं. ब्यां करून वरडतंय, मागं पडतंय, तरी सोडायचंच. खोळीतच ठिवलं तर त्याचं पाय भरत न्हाईत, आन्..."

ते तिथंच थांबले. त्यांनी दोन्ही हातांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचं डोकं एकदम म्हातारं दिसलं.

बिरदेव मात्र इतक्यात हरणारा नव्हता. बोलनं ग्वाड हाय, तो म्हणाला, पन घाटात दाखवा. ऑइल पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरून साखळी-कुलूप तसंच लावा. ओझं भरून गाडी चढवा. त्यानंतर आठवडाभर चालवा. ऑइल पहिल्यासारखंच उतरलं, तर हा माणूस पुन्हा दारात दिसायचा नाही.

"चालंल," संघपाल म्हणाला. त्या संध्याकाळी तो एवढंच बोलला.

७

डिकीत युरियाची पोती, आत अप्पा, बिरदेव, गेणबा, सूरज आणि मांडीवर पर्स घेऊन ज्योत्स्ना. जेजुरी, सासवड करत गाडी दिवे घाटातून खाली उतरली आणि तिथंच तोंड फिरवून घाटाच्या पायथ्याशी उभी राहिली.

संघपालनं गियर टाकला. गाडी चढाला लागली. पण त्याचा पाय जड होईना. इतके महिने त्या पायाला हळू हळू एवढंच शिकवलेलं. मागं ट्रक हॉर्न मारायला लागले. गेणबा म्हणाला, दाब. संघपालनं मान वळवून अप्पांकडे पाहिलं. पाय त्याचा होता, पण हुकूम त्यांचा होता.

अप्पांनी पुढचा दांडा दोन्ही मुठींनी धरला होता. इंजिन धापा टाकत होतं आणि ती प्रत्येक धाप त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होती. त्यांनी डोळे मिटले.

"दाब, संघपाल," ते म्हणाले. "सोड तिला खाली."

पाय दाबला गेला. गाडी कण्हली, थरथरली, मागं निळ्या धुराचा लोट उठला आणि मागचा ट्रक त्यात दिसेनासा झाला. एक वळण, दुसरं वळण. इंजिनाचा आवाज घोगरा होता, तो वळणावळणाला मोकळा होत गेला, सर्दी झालेल्या गळ्याला सूर सापडत जावा तसा. वर पोचले तेव्हा सूरजनं मागच्या काचेतून पाहिलं. धूर विरळ झाला होता. गेणबा म्हणाला, अजून. त्या दिवशी ते घाट उतरत राहिले आणि चढत राहिले, इतके की चौकीवरच्या हवालदाराला संशय आला.

एका दिवसात सगळं बरं होत नाही, हे गेणबानं आधीच सांगितलं होतं. म्हणून पुढचा आठवडाभर संघपालनं गाडी ओझ्यानिशी पळवली, बारामतीला, बावड्याला, इंदापूरला. पहाटेची ऊब बंद झाली. संध्याकाळी आळीतली माणसं अंधारात टीव्हीशिवाय बसली आणि नाराज होऊन गप्पा मारू लागली.

आठवड्यानंतर साखळी काढली तेव्हा पट्टी बिरदेवनंच ओढली. त्यानं ती उन्हात तिरपी धरली. पुसून पुन्हा घातली, पुन्हा धरली. ऑइल वरच्या खुणेपासून नखभर खाली होतं. तो बराच वेळ बघत राहिला, जणू आणखी बघितलं तर खाली जाईल.

मग त्यानं चावी काढून संघपालपुढे धरली. संघपालनं ती घेतली नाही.

"घेतो," तो म्हणाला. "पन आधी अंथुर्ण्याला यावं लागंल. आई गिरनीवर जायाची बंद झालीय."

त्याच गाडीतून ते गेले. धोंडाबाई दारात पाखडत बसली होती. चाकांचा आवाज ऐकून आळीतल्या बायका चौकटीत आल्या. बिरदेव खाली उतरला, चपला काढल्या, उंबऱ्याशी गेला आणि वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, जरा आत चला. दोन सबुद बोलायचं व्हतं."

धोंडाबाईनं सूप खाली ठेवलं. ती उठली नाही.

"आत नगं," ती म्हणाली. "हितंच अंगनात उभा ऱ्हा, आन् मोठ्यानं बोल. पयला सबुद हितवर मोठ्यानंच आला व्हता."

बिरदेवनं एकदा गाडीकडे पाहिलं. अप्पा आत बसले होते, त्यांनी नजर हलवली नाही. त्यानं घसा खाकरला. मग अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. संघपालनं काही घेतलं नाही, काही बिघडवलं नाही, खोटं मी बोललो.

धोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. पलीकडच्या दारातल्या बाईकडे तिनं एकदा सरळ बघितलं.

"आता या आत," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.